बुरशीची साखर ओळखणाऱ्या पेशी

पावसाळा लांबला की मराठवाड्यातील शेतकऱ्याला ज्या चिंता घेरतात त्यांत बुरशीची चिंता मोठी असते. खरीप ज्वारीचे कणीस काळे पडते, काढून ठेवलेल्या सोयाबीनच्या ढिगाला कुबट वास येऊ लागतो, तुरीच्या उभ्या पिकात मर रोगाने झाडे वाळू लागतात. नांदेड व लातूर जिल्ह्यांतील गावकऱ्यांना हे दृश्य नवीन नाही. परंतु बुरशीचा वावर पिकापुरताच मर्यादित नसतो. तिचे सूक्ष्म बीजाणू शेतात, गोठ्यात, उकिरड्यावर, धान्याच्या कोठारात आणि राहत्या घराच्या हवेतही तरंगत असतात. प्रत्येक मनुष्य दररोज असे शेकडो बीजाणू श्वासावाटे आत घेत असतो. तरीही निरोगी माणसाला सहसा काहीच होत नाही.

असे का व्हावे? ओल्या भाकरीवर दोन दिवसांत पसरणारी बुरशी माणसाच्या उबदार व ओलसर फुप्फुसात का पसरत नाही? आणि २०२१ साली कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर तीच बुरशी अनेकांच्या नाकात, जबड्यात व डोळ्यांत कशी शिरली? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे परस्परांशी निगडित आहेत. शरीरातील काही पेशी बुरशीच्या अंगावरील विशिष्ट साखर ओळखतात, हे त्या उत्तराचे मर्म होय. ही ओळख कशी पटते, ती केव्हा चुकते आणि पटूनही केव्हा निरुपयोगी ठरते, हे समजून घेणे ग्रामीण आरोग्याच्या दृष्टीने अगत्याचे आहे.

शत्रू ओळखण्याची अडचण

बुरशी ही वनस्पती नव्हे आणि जिवाणूही नव्हे. कवकांची सृष्टी स्वतंत्र मानली जाते आणि जीवसृष्टीच्या वंशवृक्षात ती वनस्पतींपेक्षा प्राण्यांना अधिक जवळची आहे. बुरशीच्या पेशीत आपल्या पेशीप्रमाणेच केंद्रक असते. तिची अंतर्गत यंत्रणाही बऱ्याच अंशी आपल्यासारखी चालते. म्हणूनच जिवाणूंना मारणारी प्रतिजैविके बुरशीवर चालत नाहीत आणि बुरशीला मारून माणसाला अपाय न करणारी औषधे शोधणे कठीण जाते.

शरीराच्या संरक्षक पेशींपुढेही हीच अडचण असते. आपले कोणते व परके कोणते हे ठरविण्यासाठी एखादी निर्विवाद खूण हवी. ती खूण बुरशीच्या बाहेरील भिंतीत सापडते. माणसाच्या पेशीला केवळ पातळ पटल असते, भिंत नसते. बुरशीच्या पेशीला मात्र टणक भिंत असते आणि ती मुख्यतः साखरेच्या लांब साखळ्यांनी बनलेली असते.

एकच मणी, तीन माळा

येथे साखर म्हणजे चहात घालावयाची साखर असा अर्थ नाही. ग्लुकोजसारख्या लहान रेणूंचे हजारो मणी एकापुढे एक जोडले गेले म्हणजे ज्या माळा तयार होतात, त्यांना बहुशर्करा म्हणतात. मणी तोच असला तरी तो कसा जोडला आहे यावर माळेचे गुणधर्म अवलंबून असतात.

ज्वारीच्या पिठातील स्टार्च ही ग्लुकोजची माळ आहे. कपाशीच्या बोंडातील कापूस, म्हणजेच सेल्युलोज, हीही ग्लुकोजचीच माळ आहे. पहिली माळ आपण पचवतो. दुसरी पचवू शकत नाही, कारण दोहोंतील मण्यांची जोडणी वेगळी आहे. बुरशीच्या भिंतीत याच ग्लुकोजची तिसऱ्या प्रकारची माळ असते. तिला बीटा-ग्लुकान म्हणतात. प्रत्येक मण्याचा पहिला कार्बन अणू शेजारच्या मण्याच्या तिसऱ्या कार्बन अणूशी जोडलेला असल्यामुळे ही माळ सरळ न राहता मळसूत्रासारखी वळते. अळिंबीत आणि पाव फुगविणाऱ्या यीस्टमध्येही हेच द्रव्य असते.

कँडिडासारख्या बुरशीची भिंत तीन थरांची असते. आतल्या बाजूस कायटिन असते. खेकड्याचे व कीटकांचे कवच ज्या द्रव्याचे बनते तेच हे द्रव्य होय. त्यावर बीटा-ग्लुकानचा थर असतो आणि सर्वांत बाहेर मॅनोज नावाच्या साखरेने मढविलेली प्रथिने असतात. मानवी शरीर बीटा-ग्लुकान तयार करीत नाही. त्यामुळे रक्तात किंवा फुप्फुसात ते पेशीच्या अंगावर दिसले, की बुरशी आत शिरली असे समजण्यास हरकत नसते.

शोधाचा मागोवा

भक्षक पेशी रोगजंतूंना गिळून टाकतात, ही कल्पना प्रथम मांडणारे रशियन शास्त्रज्ञ मेचनिकॉव्ह यांनी १८८४ साली प्रसिद्ध केलेले निरीक्षण बुरशीविषयीच होते, ही गोष्ट फारशी परिचित नाही. पाण्यातील एका पारदर्शक सूक्ष्म जीवाच्या शरीरात यीस्टसारख्या बुरशीचे सुईसारखे बीजाणू शिरत. भक्षक पेशींनी त्यांना वेळीच घेरले तर तो जीव जगे, अन्यथा मरे. या कार्याबद्दल मेचनिकॉव्ह यांना १९०८ साली पॉल एर्लिक यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

परंतु भक्षक पेशीला परका जीव कळतो कसा, हा प्रश्न नंतर शंभर वर्षे अनुत्तरित राहिला. १९८९ साली अमेरिकेतील चार्ल्स जेनवे यांनी असे प्रतिपादन केले, की या पेशींवर जन्मजात ग्राही असले पाहिजेत आणि ते जंतूंच्या ठराविक रासायनिक खुणा ओळखत असले पाहिजेत. ग्राही म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरील असे प्रथिन, की ज्यात विशिष्ट आकाराचा रेणू नेमका बसतो. १९९६ साली फ्रान्समध्ये ज्यूल्स हॉफमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी फळमाशीवर प्रयोग केले. टोल नावाच्या जनुकात दोष असलेल्या माशा बुरशीने मरतात, असे त्यांना आढळले. माशीसारख्या क्षुद्र जीवातही बुरशीविरुद्ध जन्मजात यंत्रणा असते हे त्यामुळे सिद्ध झाले. हॉफमन हे २०११ च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले. पुढे २००१ साली गॉर्डन ब्राऊन व सायमन गॉर्डन यांनी बीटा-ग्लुकान ओळखणारा ग्राही निश्चित केला. त्याचे नाव डेक्टिन-१.

डेक्टिन हे लेक्टिन या प्रथिनांच्या कुळातील आहे. साखरेला चिकटणाऱ्या प्रथिनांना लेक्टिन म्हणतात. घेवड्याच्या दाण्यातही लेक्टिन असते आणि म्हणूनच तो नीट शिजवून खावा लागतो. बियांतील लेक्टिन व आपल्या पेशींवरील डेक्टिन यांचे कार्य भिन्न असले, तरी साखरेची नेमकी पारख करणे हा दोहोंचा समान गुण आहे.

ओळख पटल्यावर काय घडते

डेक्टिन-१ हे भक्षक पेशींच्या पृष्ठभागावर असते. त्याचे एक टोक बाहेर व दुसरे पेशीच्या आत असते. बाहेरील टोकाला बीटा-ग्लुकान चिकटले, की आतील टोकावर रासायनिक बदल होतो. सिक नावाचे एंझाइम तेथे येऊन कार्यान्वित होते, ते कार्ड-९ नावाच्या प्रथिनाला जागे करते आणि हा संदेश पेशीच्या केंद्रकापर्यंत जातो. मग पेशी बीजाणूला गिळते, त्याच्यावर दाहक रसायनांचा मारा करते आणि मदतीसाठी इतर पेशींना रासायनिक हाक देते. त्या हाकेने विशिष्ट लसीकापेशी तयार होतात. त्यांच्या स्रावामुळे न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी मोठ्या संख्येने त्या ठिकाणी धावून येतात. बुरशीच्या वाढलेल्या धाग्यांचा नाश करण्याचे काम प्रामुख्याने या न्यूट्रोफिल पेशीच करतात.

या यंत्रणेतील एक बारकावा उल्लेखनीय आहे. बीटा-ग्लुकानचे विरघळलेले सुटे कण डेक्टिनला चिकटले तरी पेशी मारा सुरू करीत नाही. अखंड बुरशी अंगाला भिडली, अनेक डेक्टिन एकाच जागी एकवटले आणि संदेशाला अडविणारी प्रथिने बाजूला सारली गेली, म्हणजेच मारा सुरू होतो. २०११ साली हे स्पष्ट झाले. प्रत्यक्ष शत्रू जवळ आला आहे की त्याचे दूरवरचे अवशेष आले आहेत, हा भेद पेशीला त्यामुळे करता येतो आणि शरीराची अनाठायी हानी टळते.

डेक्टिन-१ हा एकटा पहारेकरी नाही. डेक्टिन-२ व मॅनोज-ग्राही हे बाहेरील थरातील मॅनोज ओळखतात. इतरही ग्राही आहेत. अनेकांची साक्ष जुळली, की निर्णय पक्का होतो. २००९ साली दोन कुटुंबांच्या अभ्यासातून याचा प्रत्यय आला. नेदरलँड्समधील एका कुटुंबात डेक्टिन-१ सदोष होते. त्यांना नखांना व नाजूक त्वचेला वारंवार बुरशी होई, परंतु शरीराच्या आत ती पसरली नाही. इराणमधील एका कुटुंबात कार्ड-९ सदोष होते. तेथे मात्र बुरशी मेंदूपर्यंत पोहोचून काहींचा मृत्यू झाला. एक पहारेकरी नसला तर इतर त्याची उणीव काही अंशी भरून काढतात. परंतु सर्वांचे निरोप ज्या एकाच वाटेने जातात ती वाट बंद पडली, तर संकट गंभीर होते.

बुरशीची लपवाछपवी

बुरशीही निष्क्रिय राहत नाही. कँडिडा आपले बीटा-ग्लुकान मॅनोजच्या थराखाली झाकून ठेवते. नवी कळी फुटून वेगळी होते तेथील व्रणातच ते उघडे पडते. ॲस्परजिलस या बुरशीच्या कोरड्या बीजाणूवर जलरोधक प्रथिनाचे आवरण असते. बीजाणू फुगून अंकुरू लागला म्हणजेच हे आवरण फाटते आणि आतील साखर दिसू लागते. वटवाघळांच्या व पक्ष्यांच्या विष्ठेत वाढणारी हिस्टोप्लाझ्मा ही बुरशी वेगळ्या जोडणीच्या ग्लुकानचे पांघरूण घेते. ते पांघरूण डेक्टिन-१ ला ओळखता येत नाही.

म्युकर व तिच्या जातभाईंची गोष्ट याहून निराळी आहे. त्यांच्या भिंतीत कायटिन व त्यापासून बनलेले कायटोसान यांचे प्राबल्य असते आणि बीटा-ग्लुकान अल्प असते. इतर अनेक बुरशींच्या संसर्गात रुग्णाच्या रक्तात बीटा-ग्लुकान आढळते व त्यावरून निदानास मदत होते. म्युकरच्या संसर्गात ही चाचणी सहसा उपयोगी पडत नाही. साखरेची जी खूण शरीराला व प्रयोगशाळेला सर्वाधिक सोयीची, तीच खूण येथे अंधूक असते.

२०२१ चा धडा

कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर म्युकरमायकोसिसचे रुग्ण देशभर वाढले. महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर रुग्ण आढळले आणि मराठवाड्यात नांदेड, लातूर या जिल्ह्यांनाही त्याची झळ पोहोचली. मे २०२१ मध्ये हा रोग साथरोग कायद्याखाली सूचनीय घोषित करावा, असे केंद्र शासनाने राज्यांना कळविले. महाराष्ट्र शासनाने त्यावरील उपचार महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत समाविष्ट केले. जुलै २०२१ च्या मध्यापर्यंत देशात ४५ हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली होती. कित्येकांचा वरचा जबडा, कित्येकांचा डोळा काढावा लागला.

लोक या रोगाला काळी बुरशी म्हणू लागले. वस्तुतः ही बुरशी काळी नसते. ती रक्तवाहिन्यांत शिरून रक्तपुरवठा तोडते, त्यामुळे मृत झालेला भाग काळा पडतो. हा रोग एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही. बीजाणू सर्वत्रच असतात. फरक पडतो तो शरीराच्या अवस्थेमुळे.

ही अवस्था मुख्यतः दोन कारणांनी बिघडली. पहिले कारण अनियंत्रित मधुमेह. रक्तातील ग्लुकोज फार वाढले की भक्षक व न्यूट्रोफिल पेशींची हालचाल आणि मारकशक्ती मंदावते. रक्त आम्लधर्मी झाले तर बांधून ठेवलेले लोह सुटे होते व ते बुरशीच्या वाढीला पोषक ठरते. शिवाय ग्लुकोज व लोह वाढल्यावर रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर एक विशिष्ट प्रथिन अधिक प्रमाणात येते आणि म्युकर त्यालाच पकडून आत घुसते, असे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. म्हणजे शरीर बुरशीला ओळखण्यात दुबळे पडत असताना बुरशीला मात्र शरीराचे दार सापडत होते.

दुसरे कारण स्टेरॉइड औषधांचा अवाजवी वापर. कोविडच्या गंभीर रुग्णांत या औषधांनी प्राण वाचविले, यात शंका नाही. परंतु ती गरज नसताना, अधिक मात्रेत किंवा अधिक दिवस घेतली गेली, की रक्तातील साखर वाढते आणि भक्षक पेशी गिळलेल्या बीजाणूला मारू शकत नाहीत. अशा वेळी ओळख पटूनही उपयोग होत नाही.

गावात आजही घडणारे

हा धडा साथीपुरता नाही. गजकर्ण किंवा नायटा झाला, की दुकानातून एखादे मलम आणून लावण्याची प्रथा सर्वत्र आहे. अशा अनेक मलमांत स्टेरॉइड मिसळलेले असते. त्याने खाज लगेच थांबते, लाली कमी होते आणि औषध लागू पडले असे वाटते. प्रत्यक्षात खाज व लाली ही संरक्षक पेशी काम करीत असल्याची चिन्हे असतात. स्टेरॉइड त्या पेशींना निष्प्रभ करते आणि बुरशी खाली निर्वेध पसरते. गेल्या काही वर्षांत भारतात नायटा हट्टी व वारंवार उद्भवणारा झाला आहे. त्याच्या कारणांत अशा मलमांचा गैरवापर हे एक प्रमुख कारण तज्ज्ञ मानतात. नेहमीच्या औषधांना दाद न देणारी नायट्याची एक जात भारतातील रुग्णांत आढळल्यामुळे २०२० साली तिला ट्रायकोफायटन इंडोटिनी असे नाव देण्यात आले.

दुसरे उदाहरण सुगीच्या दिवसांतील आहे. मळणी करताना किंवा ज्वारी कापताना डोळ्यात कुसळ, पाते वा भुसा जातो. बुबुळावरील पारदर्शक पडद्याला ओरखडा पडतो आणि त्यातून बुरशी शिरते. तेथेही डेक्टिन-१ असलेल्या पेशीच प्रथम सावध होतात. परंतु जुन्या चिठ्ठीवरून आणलेले स्टेरॉइडचे थेंब डोळ्यात टाकले, तर व्रण वाढून दृष्टी जाऊ शकते. ज्याच्या कष्टावर घर चालते त्या शेतकऱ्याच्या किंवा मजूर स्त्रीच्या दृष्टीने ही हानी भरून येण्यासारखी नसते.

औषधे आणि साखरेची खूण

बुरशीवरील औषधे मोजकीच आहेत. २०२१ साली ज्याची देशभर टंचाई भासली ते ॲम्फोटेरिसिन-बी हे औषध व्हेनेझुएलातील ओरिनोको नदीच्या परिसरातील मातीत सापडलेल्या सूक्ष्मजीवापासून १९५० च्या दशकात मिळाले. त्याच जातीचे हॅमायसीन हे औषध १९६० च्या सुमारास पुण्याजवळील पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सार्वजनिक कारखान्यात मं. ज. तिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधले. ते ज्या सूक्ष्मजीवापासून निघाले त्याला स्ट्रेप्टोमायसीज पिंप्रिना असे पिंपरीचेच नाव देण्यात आले. महाराष्ट्राच्या मातीने बुरशीविरोधी संशोधनाला दिलेली ही देणगी विस्मरणात जाऊ नये.

ही दोन्ही औषधे बुरशीच्या पटलातील स्निग्ध द्रव्यावर आघात करतात. २००१ पासून वापरात आलेले कॅस्पोफंजिन मात्र बीटा-ग्लुकान तयार होण्याची क्रियाच थांबविते. ज्या साखरेवरून शरीर शत्रूला ओळखते, त्याच साखरेवर वैद्यकाने नेम धरला आहे. म्युकरच्या भिंतीत ती अल्प असल्याने त्या रोगात हे औषध एकटे पुरेसे ठरत नाही, हेही याच तत्त्वाला धरून आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये धोकादायक अशा १९ बुरशींची यादी प्रथमच प्रसिद्ध केली. या दुर्लक्षित विषयाकडे जगाचे लक्ष वळल्याचे ते द्योतक होय.

कोणी काय करावे

ग्रामपंचायत सदस्यांनी व ग्राम आरोग्य समितीने गावातील मधुमेही व्यक्तींची नियमित तपासणी उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात होते की नाही, याकडे लक्ष द्यावे. रक्तातील साखर आटोक्यात ठेवणे हा बुरशीविरुद्धचा सर्वांत स्वस्त व खात्रीचा उपाय आहे. एका बाजूचे नाक चोंदणे, नाकातून काळपट स्राव येणे, गाल किंवा डोळ्याखालचा भाग सुजणे व दुखणे, वरचे दात हलू लागणे, वस्तू दोन दिसणे यांपैकी कोणतेही लक्षण मधुमेही व्यक्तीत दिसले, तर एक दिवसही न दवडता तिला रुग्णालयात पाठवावे. नांदेड व लातूर येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. तेथवर रुग्ण वेळेत पोहोचणे, यावरच पुष्कळदा त्याचा डोळा व प्राण अवलंबून असतात.

आशा कार्यकर्तींनी नायट्यासाठी व डोळ्यांसाठी डॉक्टरांच्या सल्ल्याविना मलम वा थेंब न वापरण्याविषयी घरोघरी सांगावे. नायटा झालेल्या व्यक्तीचे कपडे व टॉवेल वेगळे ठेवावेत आणि उन्हात वाळवावेत. कोंदट कोठारातील बुरशीचे धान्य हाताळताना व उकिरडा उपसताना नाका-तोंडावर फडके बांधावे. मळणीच्या वेळी साधा चष्मा लावला तरी डोळ्यांचे बरेच रक्षण होते.

शिक्षकांना हा विषय वर्गात सहज शिकविता येईल. पाण्याचे चार थेंब शिंपडलेला भाकरीचा तुकडा काचेच्या बरणीत ठेवून झाकण घट्ट लावावे आणि रोज बाहेरूनच भिंगाने पाहावा. बरणी उघडू नये. एकाच रंगाचे मणी तीन तऱ्हांनी ओवून स्टार्च, सेल्युलोज व बीटा-ग्लुकान यांतील भेद दाखवावा. मणी तेच, पण जोडणी बदलली की एक अन्न होते, एक वस्त्र होते आणि एक शत्रूची खूण होते, हे मुलांच्या ध्यानात राहील.

शरीराचे पहारेकरी अहोरात्र जागे असतात. त्यांना शत्रू ओळखण्याची विद्या जन्मतःच मिळालेली आहे व ती शिकविण्याची गरज नाही. वाढलेल्या साखरेने त्यांचे पाय जखडू नयेत आणि अविचाराने वापरलेल्या औषधाने त्यांचे हात बांधले जाऊ नयेत, एवढी काळजी घेणे हे मात्र आपल्या हाती आहे. प्रत्येक गावाने ही काळजी घेतली, तर २०२१ साली मराठवाड्यातील अनेक घरांनी जे सोसले त्याची पुनरावृत्ती पुष्कळ अंशी टाळता येईल.